कुठल्या पत्त्यावरून लिहायचं

आधीच सांगते, चूक माझी होती. आम्हा पत्रकं काढणाऱ्या लोकांना हे वाक्य लिहायची सवय नाही. आमच्या वाक्यात चूक समोरच्याची असते, प्रशासनाची असते, अगदीच कोणी सापडलं नाही तर व्यवस्थेची असते, आणि शेवटी एक उद्गारचिन्ह असतं. या वेळी ते कुठे ठोकावं ते मला कळलेलं नाही.

उज्जैनच्या कडेला भेरूगढला, कागदावर ज्याला भैरवगढ म्हणतात तिथे, कापडछपाईचा एक कारखाना विकायला निघाला होता. कारखाना म्हटलं की धुराडं डोळ्यासमोर येतं, तसलं काही नाही. एक लांब पत्र्याचं छप्पर, त्याखाली गोधड्या अंथरून मऊ केलेली सहा टेबलं, मागे रंग उकळायच्या भट्ट्या, अंगणात कापड वाळवायच्या दोऱ्या. आणि एका अख्ख्या भिंतीला फळ्याच फळ्या, त्यांवर रचलेले लाकडी ठप्पे. पानं, बुट्टे, कैऱ्या, वेली. काही इतके जुने की ते कोणी कोरले हे सांगणारं कोणी उरलं नाही. नऊ छपाईवाले आणि धुलाईच्या दोन बायका एवढी माणसं त्यावर जगत होती.

मालक म्हातारे शेठजी. त्यांना लकवा झाला आणि सगळं त्यांच्या एकुलत्या मुलीवर येऊन पडलं. ती हैदराबादला नोकरीला. तिने मुनीमजींना सांगून फाटकावर एक कागद चिकटवला: कारखाना चालू हालतमध्ये विकायचा आहे, संपर्क फक्त ई-मेलवर, महिनाअखेरपर्यंत. खाली ई-मेलचा पत्ता कारखान्याचाच, ज्यावर इतकी वर्षं ऑर्डरी येत होत्या.

तो कागद वाचून कारखान्यातले सगळ्यात जुने छपाईवाले, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, मला म्हणाले, "बेटा, बिकना ही है तो हमको क्यों नहीं बेचते?"

मी त्या वेळी त्यांच्यासोबत टेबलाशी उभी होते. आमची संस्था म्हणजे चार माणसं, एक खोली आणि एक प्रिंटर. तीन वर्षं आम्ही भेरूगढमध्ये पत्रकं वाटत होतो. रंगाचं पाणी नाल्यात सोडू नका, कारीगरांना हातमोजे द्या, भट्टीजवळ हवा खेळती ठेवा. मालकांनी ती वाचली की नाही माहीत नाही, पण छपाईवाल्यांशी माझी दोस्ती झाली होती. चाचांचं वाक्य ऐकलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. कारीगरांचा स्वतःचा कारखाना! बघा, इथे उद्गारचिन्ह आलंच.

घाई असण्याचं कारणही होतं. उज्जैनमध्ये सध्या ज्याच्याकडे चार भिंती आहेत तो त्यांचा होम-स्टे करतोय. महाकालाला येणारी गर्दी शहरात मावत नाही, म्हणून ती आता भेरूगढपर्यंत सांडायला लागली आहे. मुनीमजींनी आधीच कानावर घातलं होतं की इंदूरचा एक जण दोनदा जागा मोजून गेला. त्याला छपाईशी घेणं-देणं नव्हतं. अंगण मोठं होतं, गाड्या लागतील, एवढंच त्याचं म्हणणं. तो जिंकला तर नऊ माणसं रस्त्यावर, हे उघड होतं.

पैशांची बाजू माझ्या बाबांनी लावून धरली. ते बँकेतून रिटायर झालेले, त्यांना कर्जाच्या वाटा ठाऊक. ती बाजू डगमगती का होईना, उभी राहिली. उरलं काय? एक पत्र. एक ई-मेल. सगळ्यात सोपं काम, आणि ते माझं.

पत्र कुठल्या पत्त्यावरून पाठवायचं यावर आमच्या नानाखेड्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, पोह्यांच्या ताटल्या पुढ्यात घेऊन जी चर्चा झाली ती मी कधी विसरणार नाही. बाबा, आई, मी आणि संस्थेचे सचिव, ज्यांना मी भैया म्हणते.

बाबा म्हणाले, "धंद्याची खरेदी आहे ही. पत्र धंद्याच्या पत्त्यावरून गेलं पाहिजे. मी कर्जविभागात होतो, मला माहीत आहे. फुकटच्या पत्त्यावरून अर्ज आला की आम्ही समजायचो, हा बसस्टँडवरचा."

माझा स्वतःचा पत्ता फुकटचाच होता. बारावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायला बाबांनीच उघडून दिलेला. नाव, आडनाव, जन्मसाल. संस्थेचा पत्ता मात्र रुबाबदार. स्वतःचं डोमेन, पत्राखाली आपोआप येणारं बोधचिन्ह, पदनाम, खोलीचा पत्ता.

आई पोह्यांवर शेव घालत होती. ती म्हणाली, "अगं पण ती मुलगी माझ्याकडे दोन वर्षं गणिताला येत होती. इथेच बसायची, तू बसलीयेस त्या खुर्चीवर. तुझं आडनाव वाचलं की उघडेल तरी. माणूस आधी कोणाकडून आलं ते बघतं, मग पत्र वाचतं."

"आई, ओळखीवर कारखाना मागायचा का आता?"

"मागतंय कोण? विकत घेऊन राहिलो ना आपण?"

"तेच ते. ज्यांची ओळख नाही त्यांनी काय करायचं? आयुष्यभर आम्ही वशिल्याच्या विरोधात ओरडायचं आणि आपलं काम आलं की टीचरजींची मुलगी म्हणून दार वाजवायचं?"

"मग मी एक फोन करू का तिला?"

"अजिबात नाही."

आईने शेवेचा डबा बंद केला. ती रागावली की डबे बंद करते.

भैयांनी मग खरा मुद्दा काढला, आणि तो मला आजही चुकीचा वाटत नाही. "देख, तेरे पर्सनल से गया तो कल कोई भी बोल देगा, मैडम अपने लिए खरीद रही हैं. संस्था से गया तो सबका है. आपला कायदा काय आहे? व्यक्तिगत काही नाही."

व्यक्तिगत काही नाही. हे वाक्य मीच आमच्या पहिल्या पत्रकात लिहिलं होतं. मी लगेच विरघळले. बाबा खूश, भैया खूश, आई ताटल्या उचलून आत गेली.

पत्र मी तीन वेळा लिहिलं. चौथ्या खर्ड्यातून सगळी विशेषणं काढली. खरंच चांगलं पत्र झालं. छपाईवाल्यांची सहकारी संस्था बनतेय, रक्कम अशी उभी होतेय, कारखाना चालू राहील, ठप्पे जागेवर राहतील, शेठजींचं नाव फाटकावर राहील. मी ते कारखान्यात वाचून दाखवलं. चाचांनी हातातला ठप्पा खाली ठेवून ऐकलं आणि विचारलं, "यह हमारी तरफ़ से जाएगी या तुम्हारी?"

मी म्हणाले, "चाचा, आपके नाम से भेजूँगी तो खोलेगा कौन? संस्था का वज़न होता है."

"ठीक है," ते म्हणाले. आणि पुन्हा कामाला लागले.

हे माझं वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. पुसावंसं वाटलं होतं.

पत्र गेलं. चार दिवस काही नाही. मी दुसरं पाठवलं, आठवणीचं, नम्र. आठवडा गेला. तिसरं पाठवलं. पाठवून झाल्यावर मी दिवसातून वीस-वीस वेळा पेटी उघडून बघत होते. असं वाट बघणं मला जमत नाही. कार्यालयाबाहेर धरणं धरलं तर निदान आतली माणसं खिडकीतून बघतात. मेल पाठवला की तुम्ही कुठल्या दाराबाहेर बसलात तेही कळत नाही. दार आहे की नाही, आत कोणी आहे की नाही. तुमच्या हातात उरतो फक्त 'पाठवलेले' नावाचा कप्पा.

मी मुनीमजींकडे गेले. म्हटलं, दीदी मेल बघतात ना?

"रोज़ देखती हैं. सबको जवाब भी दे रही हैं. इंदौर वाले को तो उसी दिन दिया."

झालं. सगळ्यांना उत्तर देते, आम्हाला नाही. एवढं एक वाक्य मला पुरलं. मी भेरूगढहून नानाखेड्यापर्यंत ऑटोत बसून मनातल्या मनात पत्रक लिहीत आले. ही बाई आम्हाला मोजतच नाही. नऊ कारीगर खरेदीदार होऊ शकतात हेच तिच्या डोक्यात बसत नाही. तिला गाडीवाला ग्राहक पाहिजे. मी तिला कधी भेटले नव्हते, तरी घर येईपर्यंत मी तिला पुरती ओळखत होते.

घरी येऊन चौथं पत्र लिहिलं. त्याला पत्र म्हणू नये. मथळा ठळक अक्षरात होता: भेरूगढ बिकाऊ नहीं है! त्याखाली, ज्यांच्या हातांच्या रंगावर तुमचं शिक्षण झालं त्यांच्या तीन पत्रांना उत्तर द्यायची तुम्हाला गरज वाटली नाही, तुमच्या वडिलांनी माणसं नुसती राबवली आणि तुम्ही फक्त जागा मोजताय, वगैरे. एका मजकुरात किती जखमा करता येतात याचं मला चांगलं शिक्षण मिळालंय.

भैयांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "यह संस्था के ई-मेल से नहीं जाएगा. संस्था की इज़्ज़त है."

"मग मी माझ्या नावाने पाठवते."

"वो तेरी मर्ज़ी."

आणि मी पाठवलं. माझ्या पत्त्यावरून. नाव, आडनाव, जन्मसाल.

तासाभरात उत्तर आलं.

मला आठवतं, मी गच्चीवरून वाळलेले कपडे काढत होते. फोन वाजला, मी बघितलं, आणि पहिल्यांदा मला आनंद झाला. खरंच. वाटलं, बघा, चिमटा घेतल्याशिवाय कोणी हलत नाही.

तिने हिंदीत लिहिलं होतं. नमस्ते. तुम्ही टीचरजींच्या कन्या ना? आडनाव बघून लगेच उघडलं. तुम्ही तीन पत्रांचं लिहिलंय, मला तुमचं हे एकच मिळालं. मग मी शोधलं. तुमच्या संस्थेचे मेल पापांनी फार पूर्वीच स्पॅममध्ये टाकायला लावले होते, कारण दर पंधरा दिवसांनी त्यांना रागावलेलं काहीतरी यायचं आणि त्यांचं बीपी वाढायचं. तुमची तिन्ही पत्रं तिथेच होती. आत्ता वाचली. पहिलं फार चांगलं आहे. पापांना बोलता येत होतं तेव्हा ते हेच म्हणत होते, की कारीगर घेत असतील तर त्यांनाच दे. पण कोणी विचारलंच नाही असं मला वाटलं. मी काल सही केली. आता काही करता येणार नाही. टीचरजींना माझा नमस्कार सांगा.

तिने माझ्या आरोपांना एका शब्दानेही उत्तर दिलं नव्हतं.

दर पंधरा दिवसांनी. ते कोण पाठवायचं? मीच. भेरूगढच्या सगळ्या कारखानदारांचे ई-मेलचे पत्ते गोळा करून यादी केली ती मी. फाटकावरच्या पाट्या वाचत, वहीत उतरवत, उन्हात फिरून. शेठजींचा पत्ता त्या यादीत माझ्याच हाताने टाकलेला. प्रत्येक पत्रक निघालं की यादी निवडायची आणि बटण दाबायचं, मग आम्ही बैठकीत सांगायचो की पत्रक सगळ्या मालकांपर्यंत पोचलं. पोचलं म्हणजे काय, हे आम्ही कधी कोणाला विचारलं नाही. ज्या पत्त्यावरून तीन वर्षं एका माणसाला ओरडलो, त्याच पत्त्यावरून त्याचा कारखाना मागायला गेलो, आणि वर म्हणे संस्थेचं वजन. एवढी साधी गोष्ट चार शिकलेल्या माणसांच्या डोक्यात आली नाही. आईच्या आली होती, थोडीशी. चाचांच्याही आली असेल. त्यांना मी बोलू दिलं नव्हतं.

आणि शेठजींवर तरी कसं चिडू? त्यांच्या भट्टीजवळ खरंच हवा नव्हती. पत्रकात खोटं काही नव्हतं. मी आजही तेच लिहीन. हेच तर फार वाईट आहे.

बाबांनी वकिलाला फोन केला. बोलताना उभे होते, ऐकता ऐकता बसले. "सही झाली म्हणजे झाली," म्हणाले.

आईला मी म्हटलं, आता कर फोन. तिने माझ्याकडे बघितलं, पण टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. ती आतल्या खोलीत जाऊन वीस मिनिटं बोलत होती. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती.

"काय म्हणाली?"

"रडून राहिली होती गं. वडील तिला ओळखत नाहीत कधी कधी. मी काय बोलणार पुढे? तरी ठप्प्यांचं विचारलं. म्हटलं, निदान ते तरी छपाईवाल्या पोरांना दे. तर म्हणे त्या इंदूरवाल्याने सामानासकट घेतलंय. त्याला ते खोल्यांमध्ये भिंतीवर लावायचेत. यात्रेकरूंना आवडतात म्हणे."

भैया म्हणाले की इंदूरवाल्याविरुद्ध पत्रक काढू. मी म्हटलं, काढा. मला एक ओळ सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेरूगढला गेले. जाऊ नये असं फार वाटत होतं. बस फाट्यावर थांबली तरी मी उतरले नव्हते. कंडक्टर म्हणाला, मॅडम, यहीं उतरती हो ना रोज़?

ते सगळे टेबलांवर होते. चादरींची एक ऑर्डर अर्धी छापून झाली होती. मी सांगितलं. एकदम सांगितलं, कारण हळूहळू सांगायची मला कला नाही. धुलाईच्या बायकांनी नळ बंद केला. मग मी उत्तर वाचून दाखवलं.

एकाने विचारलं, "मतलब चिट्ठी गई ही नहीं?"

"गई थी. कचरे के डिब्बे में गई."

"तो फ़ोन कर लेते, दीदी." तो सहज म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रारही नव्हती.

चाचा टेबलामागून पुढे आले. ते म्हणाले, "जो उसने पढ़ी, वो वाली पढ़ो."

"चाचा, वो रहने दो."

"पढ़ो, बेटा."

मग मी ते चौथं पत्र वाचलं. मथळ्यापासून. पत्रकं मी चौकात मोठ्याने वाचते, तिथे आवाज आपोआप चढतो. इथे तो चढेना. 'भेरूगढ बिकाऊ नहीं है' म्हटल्यावर मागून कोणीतरी हसलं. "बिकाऊ नहीं है, और खरीदने हम ही निकले थे." दोघं-तिघं हसले. मग मी वडिलांबद्दलची ओळ वाचली आणि कोणी हसलं नाही. त्यातले चार जण रोज संध्याकाळी शेठजींकडे जात होते, त्यांना उठवून बसवायला, कूस बदलायला. हे मला माहीत होतं. लिहिताना आठवलं नव्हतं.

चाचांनी रंगाचा हात फडक्याला पुसला. "उसको लिख दो कि यह हमने नहीं लिखा."

"लिहिते."

"अभी लिखो. वो सोचती होगी, हम उसके बाप को ऐसा बोलते हैं."

मी फोन काढला. कारखाना गेला होता, ठप्पे गेले होते, महिनाअखेरीनंतर यांच्यापैकी कोण कुठे जाणार ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि या माणसाला एवढीच गोष्ट आधी नीट करायची होती. मला काही बोलायचा हक्क नव्हता. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले.

बिटिया, वह चिट्ठी हमारी नहीं है. हममें से किसी ने पढ़ी नहीं थी. सेठजी के पास हम आते रहेंगे, नए मालिक आ जाएँ तब भी. नए मालिक को एक बात बोल देना, ठप्पे गीले कपड़े से न पोंछें, और दीवार पर लगाएँ तो धूप वाली दीवार पर नहीं, लकड़ी फट जाती है. साल में दो बार तेल का हाथ फेर दें.

"और?" मी विचारलं.

"बस."

मी पाठवलं. चाचा टेबलाशी परत गेले. रंग वाळायला लागला होता आणि चादर अर्धी राहिली होती. तिकडच्या टोकाला कापड सरकत होतं, म्हणून ते मला म्हणाले, जरा पकड़ना. मी पकडून उभी राहिले. ते छापत आले, एकेक बुट्टा, माझ्या दिशेने, आणि मला तिथून हलता येत नव्हतं.